बार बसतो, तरी टर्की उडून जातो: छर्ऱ्यांचा फैलाव, घुसण्याची ताकद आणि खरा पल्ला कसा तपासायचा

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीचा वसंतातला हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी उघडतो. त्याच्या आगेमागे नेमबाजीच्या रेंजवर भेटणारे शिकारी आणि आपली इथली मराठी मंडळी माझ्याकडे जवळजवळ एकच तक्रार घेऊन येतात: "नेम बरोबर होता, बार लागला, पण पक्षी गेला." बंदुका (छर्रे मारणाऱ्या शॉटगन) वेगळ्या, काडतुसं वेगळी, पण दोष बहुतेक वेळा त्याच चार-पाच जागी सापडतो. ज्या क्रमाने मी तो शोधतो, त्याच क्रमाने लिहितो.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला बंदी आहे. त्यामुळे हे सगळं अमेरिकेतल्या परवान्याच्या शिकारीपुरतं आहे. तुम्ही एच-1बी किंवा तत्सम व्हिसावर असाल तर इथे बंदूक बाळगण्याचे नियम नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांपेक्षा वेगळे आहेत. शिकारीचा वैध परवाना असणाऱ्यांना सूट आहे, पण ती नेमकी कशी लागू होते हे बंदुकीला हात लावण्याआधी वकिलाला विचारा.

लक्षणं

तुमचं लक्षण यातलं कुठलं आहे ते आधी ठरवा. त्यावरून निम्मं काम होतं.

- बार होताच नर कोलमडतो, पंख आपटतो, आणि तुम्ही उठून पोचेपर्यंत धावत किंवा उडत निघून जातो. जागेवर नुसती पिसं. बहुधा फैलाव विरळ, नाहीतर छर्ऱ्यांत जोर उरलेला नाही.
- पक्षी पंधरा-वीस यार्डांवर, आणि तरी सपशेल चुकला. इथे काडतुसाला दोष देऊ नका, नेम तपासा.
- मिळालेला पक्षी साफ करताना छर्रे कातडीखाली चपटे होऊन बसलेले दिसतात, मानेचा मणका शाबूत असतो. ताकद कमी पडली.
- कागदावर बार काढला तर छर्ऱ्यांचा घोळका एका बाजूला, किंवा मधोमध तळहाताएवढी जागा कोरी.
- गेल्या वर्षी चांगलं चाललेलं काडतूस यंदा विखुरतंय. मधल्या काळात काहीतरी बदललं आहे: चोक (नळीच्या तोंडाशी बसणारी, छर्ऱ्यांचा घोळका आवळणारी अरुंद नळकांडी), काडतुसांचा डबा, नाहीतर नळीच्या आतला थर.

टर्कीवर नेम धरायचा तो डोक्यावर आणि मानेवर. अंगावर दाट पिसं, पंखांची जाड हाडं आणि छातीचा मोठा स्नायू असतो. तिथे शिरलेले छर्रे पक्ष्याला जागेवर पाडत नाहीत. तो जखमी होऊन झाडीत जातो आणि बऱ्याचदा हाती लागत नाही. म्हणून दोन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात: मेंदू आणि मणक्यासारख्या अरुंद जागी दोन-चार छर्रे नक्की पोचतील इतका दाट फैलाव, आणि पोचलेला प्रत्येक छर्रा हाड फोडेल इतका जोर. फैलाव 45 यार्डांपर्यंत टिकतो पण जोर 35 पर्यंतच पुरतो, तर तुमचा पल्ला 35 यार्ड. उलट असेल तरी नियम तोच: दोन्हींतलं कमी अंतर धरायचं. डब्यावर छापलेलं अंतर हा तुमच्या बंदुकीचा पल्ला नाही. पल्ला म्हणजे तुमची नळी, तुमचा चोक, ते ठरावीक काडतूस आणि तुमचा खांदा या सगळ्यांचं मिळून उत्तर.

पहिली तपासणी: अंतर

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा दोष सापडतो तो इथेच. मोकळ्या कुरणात उभा असलेला नर आहे त्यापेक्षा जवळ वाटतो. उंच ओकच्या जंगलात, मध्ये खोडं असताना, अंदाज आणखी बिघडतो. "चाळीस यार्ड होता" असं सांगणाऱ्याला मी त्या जागी परत नेऊन मोजायला लावतो, आणि आकडा बऱ्याचदा पन्नासच्या पुढे निघतो.

रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) नसेल तर बसल्या जागेपासून पावलं मोजून 30 आणि 40 यार्डांवर ओळखीची खूण ठरवा, एखादं खोड किंवा दगड. एक यार्ड म्हणजे 91 सेंटिमीटर, त्यामुळे 40 यार्ड साधारण साडेछत्तीस मीटर होतात. मीटरमध्ये विचार करायची सवय असलेले आपल्यातले काही जण "चाळीस" म्हणताना मनात मीटर धरतात. तिथेच पावणेचार यार्ड जास्त जातात.

आधी हे तपासायचं, कारण अंतरच चुकलं असेल तर पुढच्या सगळ्या तपासण्यांत बंदूक निर्दोष निघेल आणि तुम्ही उगाच नवा चोक विकत घ्याल.

दुसरी: चोक आणि नळीची सफाई

बंदूक रिकामी करा. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा. मग चोक हाताने फिरवून पाहा. थोडाही फिरला तर तो ढिला होता. ढिल्या चोकमधून फैलाव बिघडतो, आणि आटे खराब झाले तर नळीच्या तोंडालाही इजा होते.

चोक काढून उजेडाकडे धरा. आत करडा, मेणचट, चकाकणारा थर दिसेल. तो वॅडच्या (काडतुसात दारू आणि छर्रे यांच्यामध्ये असतो त्या तुकड्याच्या) प्लास्टिकचा आणि शिशाचा. चोक जिथे अरुंद होतो तिथे तो सगळ्यात जाड साचतो. टर्कीचे चोक मुळातच फार आवळलेले असतात. 12 गेजच्या (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) नळीचा आतला व्यास 0.729 इंच, साध्या फुल चोकचा 0.69 च्या आसपास, आणि टर्कीसाठीचे चोक 0.64 ते 0.67 इंचांपर्यंत येतात. इतक्या अरुंद जागेत थर साचला की छर्रे घासून चपटे होतात, आणि चपटा छर्रा सरळ जात नाही. पितळी ब्रश, सॉल्व्हंट, जुनं फडकं, अर्धा तास. आट्यांना थोडं ग्रीस लावून चोक हाताने घट्ट बसवा. चोक निघतच नसेल तर पान्याला पाइप लावून जोर करू नका. ते काम गनस्मिथचं, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याचं.

तिसरी: कागदावरचा गुणाकार

हे फुकट आहे आणि फार कमी लोक करतात. गोल छर्ऱ्याची घुसण्याची ताकद मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: धातूची घनता, छर्ऱ्याचा व्यास आणि लागतानाचा वेग. वेग सारखा धरला तर घनता गुणिले व्यास एवढ्यावर दोन काडतुसांची तुलना होते.

व्यास काढायची युक्ती सोपी आहे. छर्ऱ्याच्या आकाराचा अमेरिकन नंबर 17 या आकड्यातून वजा करा, उत्तर इंचाच्या शंभराव्या भागांत मिळतं. नंबर 4 म्हणजे 0.13 इंच, 5 म्हणजे 0.12, 6 म्हणजे 0.11, 9 म्हणजे 0.08. घनता: कठीण केलेलं शिसं सुमारे 11, बिस्मथ 9.6 च्या आसपास, पोलाद 7.8, आणि टीएसएस म्हणून मिळणारं टंगस्टन सुमारे 18.

आता गुणा. शिसं नंबर 4: 1.43. शिसं नंबर 5: 1.32. शिसं नंबर 6: 1.21. बिस्मथ नंबर 5: 1.15. पोलाद नंबर 4: 1.01. टंगस्टन नंबर 9: 1.44. बारीक मोहरीएवढा टंगस्टनचा नंबर 9 छर्रा शिशाच्या नंबर 4 च्या बरोबरीला येतो तो यामुळे. शिवाय तो आकाराने लहान असल्याने एका औंसात सुमारे 360 बसतात. शिशाचे नंबर 4 बसतात सुमारे 135, नंबर 5 सुमारे 170, नंबर 6 सुमारे 225.

फैलाव आणि ताकद यांची ओढाताण इथेच दिसते. शिशात नंबर 6 घेतला तर कागदावर भोकं भरपूर, पण प्रत्येक छर्रा हलका. नंबर 4 घेतला तर छर्रा दमदार, पण संख्या कमी. कमी अंतरावर, म्हणजे तिशीच्या आत, शिशाचा नंबर 6 उत्तम काम करतो. चाळिशीकडे जायचं असेल तर मी 5 कडे वळायला सांगतो. "पोलादाचा नंबर 6 स्वस्त मिळाला" म्हणून घेणाऱ्यांनी 7.8 गुणिले 0.11 करून पाहावं. 0.86 येतं. ते काडतूस टर्कीसाठी घेऊ नका.

डब्यावरच्या वेगाला भुलू नका. तो नळीच्या तोंडाचा वेग असतो. गोल, हलका छर्रा हवेत झपाट्याने वेग गमावतो, आणि जितका वेगाने सुटतो तितका आधी जास्त गमावतो. सुरुवातीला सेकंदाला शंभर फूट जास्त असले तरी चाळीस यार्डांवर त्यातलं थोडंच शिल्लक राहतं. खांद्याला बसणारा धक्का मात्र पुरेपूर मिळतो.

नियमाची मर्यादाही याच वेळी बघा. मिझुरीत टर्कीसाठी नंबर 4 पेक्षा मोठे छर्रे चालत नाहीत. दुसऱ्या राज्यांचे नियम वेगळे आहेत, त्या राज्याच्या वन्यजीव खात्याच्या चालू वर्षाच्या पुस्तिकेत पाहा.

चौथी: बार जातो कुठे

ट्रॅपसाठीची (उडत्या तबकड्यांवरच्या नेमबाजीची) हलकी, स्वस्त काडतुसं घ्या. 20 ते 25 यार्डांवर मोठा कागद, मध्ये काळा ठिपका. बाकावर बसून वाळूच्या पिशव्यांवर बंदूक टेकवा आणि तीन बार काढा. घोळक्याचा मध्य ठिपक्यावर आहे का एवढंच बघायचं.

मध्य वर गेला असेल तर बहुधा गाल दस्त्यावरून उचलला जातोय. नळीवर नुसती माशी (टोकाचा नेमाचा मणी) असेल तर मागची साइट म्हणजे तुमचा डोळाच. डोळा वर गेला की बार वर जातो. शिकारीत खोडाला टेकून, वाकडं बसून, टर्कीकडे नीट बघायच्या नादात डोकं हमखास उचललं जातं. जवळच्या पक्ष्यावर सपशेल चुकण्याचं मुख्य कारण हे, आणि दुसरं कारण म्हणजे आवळलेला चोक. पंधरा यार्डांवर घोळका मुठीएवढा असतो, चूक पोटात घालायला त्यात जागाच नसते.

इथे वारंवार दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे साडेतीन इंच लांबीच्या जड काडतुसांनी नेम जुळवायचा हट्ट. तिसऱ्या बारानंतर माणूस ट्रिगर दाबण्याआधीच डोळे मिटतो. मग कागद बंदुकीबद्दल काही सांगत नाही, खांद्याबद्दल सांगतो. नेम हलक्या काडतुसांनी जुळवा, जड काडतुसांचे मोजके बार शेवटच्या पडताळणीला ठेवा. जड काडतुसाने मध्य थोडा सरकू शकतो, म्हणून ती पडताळणी टाळू नका. रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साइट) असेल तर तो त्या वेळी हलवता येतो.

पाचवी: चाळीस यार्डांवरचा कागद

आता खरी परीक्षा. किमान तीन फूट रुंद कागद ताणून लावा, मध्ये टर्कीच्या डोक्या-मानेचं चित्र. जे काडतूस शिकारीला नेणार तेच वापरा, तोच चोक, आणि शक्यतो तसंच हवामान. एप्रिलच्या गारठलेल्या पहाटे हवा दाट असते आणि दारूही जरा मंद जळते, त्यामुळे जुलैच्या उन्हात मिळालेला आकडा तुम्हाला खोटी आशा लावतो.

बार काढल्यावर चित्राभोवती वर्तुळ काढू नका. जिथे भोकं सगळ्यात दाट आहेत तिथे मध्य धरून 10 इंच व्यासाचं वर्तुळ काढा आणि आतली भोकं मार्करने खुणा करत मोजा. खुणा केल्या नाहीत तर तीच भोकं पुन्हा मोजली जातात. मध्य चित्रापासून किती सरकला ते वेगळं लिहा. फैलाव आणि नेम हे दोन स्वतंत्र दोष आहेत, एका आकड्यात मिसळले की दोन्ही हरवतात.

टर्की शिकाऱ्यांत रुळलेला आकडा 100 आहे: 10 इंचांच्या वर्तुळात शंभर छर्रे. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस इंच, म्हणजे दर चौरस इंचाला सव्वा छर्रा. एवढी दाटी असली की मेंदू-मणक्याच्या पट्ट्यात काही छर्रे पडणारच याची खात्री बाळगता येते. पण शंभरावर थांबू नका. चित्रातल्या कवटीत आणि मणक्याच्या पट्ट्यात किती पडले तेही मोजा, आणि कागदावर मोठ्या कोऱ्या जागा आहेत का ते पाहा. एका बाजूला दीडशे आणि मध्ये कोरं, हा पॅटर्न मी नापास करतो.

एका अंतरावर तीन कागद तरी हवेत. सरासरी धरा, सगळ्यात वाईट कागदही शिकारीच्या दिवशी येऊ शकतो हे ध्यानात ठेवा. सगळ्यात सुंदर कागद भिंतीवर लावायला ठेवा, त्यावरून पल्ला ठरवू नका.

शंभर भरले नाहीत तर पाच यार्ड पुढे या. 35 ला भरले? मग सध्या तुमचा फैलावाचा पल्ला 35. पुष्कळांचं काम इथेच संपतं, आणि त्यात काही कमीपणा नाही. टर्की शिकारीतली खरी गंमत आवाज देऊन नराला जवळ आणण्यात आहे.

पल्ला वाढवायचाच असेल तर आधी काडतूस बदला, मग चोक. काडतुसाचा एक डबा चोकपेक्षा सहसा स्वस्त पडतो. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणखी आवळलेला चोक म्हणजे आणखी दाट फैलाव असं नेहमी होत नाही. एका मर्यादेपलीकडे शिशाचे छर्रे चेंगरून फैलाव उलट उघडतो. पोलाद आणि टंगस्टन कठीण असतात, चेंगरत नाहीत. म्हणून त्या धातूंसाठी चोक चालतो असं बनवणाऱ्याने लिहिलं असेल तरच तो वापरा, नाहीतर चोक किंवा नळी फुगते.

सहावी: घुसण्याची ताकद

कागदावर भोक पडतं तेव्हा छर्रा कागद फोडण्याइतका जिवंत होता एवढंच कळतं. म्हणून ही तपासणी वेगळी. ती कष्टाची आहे, आणि बऱ्याच रेंजवर कागदाखेरीज काही लावू देत नाहीत. आधी विचारा.

सोपा मार्ग प्लायवूडचा. एकाच शीटमधून कापलेले तुकडे 30, 40 आणि 50 यार्डांवर लावून छर्रे किती आत गेले ते सुईने मोजा. पण यातून मिळणारी तुलना एकाच धातूपुरती चांगली. मऊ शिसं लाकडावर पसरतं आणि लवकर थांबतं, कठीण टंगस्टन पसरत नाही. त्यामुळे शिसं विरुद्ध टंगस्टन असा निकाल प्लायवूडवर लावला तर फरक आहे त्याहून मोठा दिसतो. पोलादी पत्र्यावर किंवा प्लेटवर तर बार काढूच नका. कठीण छर्रे उसळून परत येतात. डोळ्यांवर चष्मा हवाच, तुमच्याही आणि शेजारच्याच्याही.

चांगला मार्ग बॅलिस्टिक जिलेटिनचा. दहा टक्के जिलेटिन, 4 अंश सेल्सियसला थंड केलेलं. त्याची परीक्षा ठरलेली आहे: साडेचार मिलिमीटरचा पोलादी बीबी (छोटी गोल गोळी) सेकंदाला 590 फुटांच्या वेगाने मारला की तो साडेआठ सेंटिमीटर आत जायला हवा, एक सेंटिमीटर इकडेतिकडे. ही परीक्षा न घेता मोजलेली खोली दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी ताडू नका. रेंजवर उन्हात अर्धा तास ठेवलेला ठोकळा मऊ पडतो आणि प्रत्येक काडतूस शूर वाटू लागतं. बाजारात मिळणारं पारदर्शक कृत्रिम जेल सोयीचं आहे, पण त्यातली खोली आणि खऱ्या जिलेटिनमधली खोली एका वहीत मिसळू नका.

माझी पद्धत तुलनेची आहे. ज्या काडतुसाने ज्या अंतरावर पक्षी जागेवर पडतात याची खात्री आहे, ते आधी त्याच अंतरावरून ठोकळ्यात मारायचं. मग नवं काडतूस त्याच दिवशी, त्याच ठोकळ्यात, वेगवेगळ्या अंतरांवरून. नवं काडतूस जिथपर्यंत जुन्याइतकं खोल जातं, तो त्याचा ताकदीचा पल्ला. सगळ्यात खोल गेलेला छर्रा मोजू नका. बहुसंख्य छर्रे जिथे थांबले ती रेघ धरा, कारण मणक्यावर लागणारा छर्रा कोणता असेल हे तुमच्या हातात नसतं.

इथे थांबा

काही गोष्टींत पुढची तपासणी करत बसायचं नाही.

बार फुसका वाजला, धक्का कमी बसला, तर दुसरं काडतूस भरू नका. बंदूक रिकामी करून नळीत वॅड अडकला आहे का ते बघा. अडकलेल्या वॅडमागे दुसरा बार गेला तर नळी फुटते. ट्रिगर दाबला आणि बार झालाच नाही, तर नळीचं तोंड टार्गेटकडे ठेवून किमान तीस सेकंद थांबा, मग काडतूस काढा. 12 गेजच्या बंदुकीजवळ 20 गेजची काडतुसं कधीच ठेवू नका. ती घसरून नळीत अडकतात आणि मागून 12 चं काडतूस बसतं. नळीवर 3 इंच लिहिलं असेल तर साडेतीन इंची काडतूस आत बसलं तरी मारायचं नाही.

आणि पुढचं काही दिसलं तर थेट गनस्मिथकडे: नळीवर किंवा चोकवर फुगवटा किंवा बारीक चीर, हाताने न निघणारा चोक, चोक बसवल्यावर नळीशी तिरका दिसणं, दोन-तीन वेगवेगळ्या काडतुसांनी, पिशव्यांवर टेकवूनही, दुसऱ्या माणसाच्या हातूनही घोळका एकाच बाजूला जाणं. शेवटच्या दोषात चोकचे आटे मध्यावर कापलेले नसतात किंवा नळी किंचित वाकलेली असते. ते घरी मोजता येत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही.

जाताना सगळे कागद घेऊन जा. प्रत्येकावर तारीख, अंतर, तापमान, काडतुसाचं पूर्ण नाव, चोकवरचा आकडा आणि वर्तुळातली मोजणी लिहिलेली असू द्या. वापरलेल्या काडतुसांची रिकामी टरफलंही न्या. "बंदूक उजवीकडे मारते" एवढं सांगितलं तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल आणि त्याचे पैसे लावेल. कागद पाहिले की तो थेट नळीच्या तोंडाकडे वळतो.